लुकातलं ते हसू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘फायनल फँटसी टेन’ या जपानी व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला. आमच्या गावात पेपर सकाळच्या एसटीनं येतो. दुकानाचं शटर उघडायच्या आधी पायरीवर बसून मी तो लेख वाचला आणि दिवसभर दुरुस्तीला आलेले मोबाइल खोलताना तोच डोक्यात फिरत राहिला. सोमवारी पुन्हा वाचला. राग तेवढाच होता, म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर काटछाट करा, पण हसण्याच्या प्रसंगाबद्दल जे लिहिलं आहे तेवढं कृपया कापू नका.

लेखकाचं म्हणणं असं : नायक टीडस हा बापाच्या नावानं कुरकुर करणारा रडका पोरगा आहे. नायिका युना मान खाली घालून सगळ्यांचं ऐकते, तिला स्वतःचं मत नाही. गोष्ट बोळातून हाकलल्यासारखी सरळ पुढे जाते, खेळणाऱ्याला कुठं वळायची सोय नाही. लुका शहरातला तो हसण्याचा प्रसंग ऐकवत नाही, इतका खोटा आहे. आणि शेवटी सल्ला, की अशा गोष्टींत जीव गुंतवणाऱ्या पोरांनी वेळीच भानावर यावं.

मी त्या पोरांपैकीच एक. दर्यापूर तालुक्यात पूर्णेच्या काठाला आमचं गाव. सगळा खारपाणपट्टा, विहीर खोदली तरी पाणी तोंडात धरवत नाही. घरची चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. २००७ साली मी अमरावतीला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला लागलो. तिघांत मिळून एक खोली होती. आमच्यातल्या अचलपूरच्या पोरानं कुणाकडून तरी जुना प्लेस्टेशन टू विकत आणला, त्यासोबत ज्या डिस्क आल्या त्यातली एकच धड चालायची. ती हीच.

माझं शिक्षण सगळं मराठीतून. हा गेम इंग्रजीत. पात्रं बोलतात आणि खाली अक्षरं येतात; या मालिकेतला पात्रांना आवाज मिळालेला हा पहिलाच गेम. मी शेजारी डिक्शनरी आणि दोनशेपानी वही घेऊन बसायचो. एक वाक्य आलं की बटण दाबायचं नाही, आधी शब्द शोधायचा. काही ठिकाणी वाक्यं आपोआप पुढं सरकायची, तेव्हा कानाला आलं तसं देवनागरीत लिहून ठेवायचो. ‘पिलग्रिमेज’ हा शब्द मी त्या वहीत लिहिला आणि त्यापुढं ‘वारी’ असं लिहिलं. ती वही अजून माझ्याकडं आहे.

याच गेममध्ये अल भेद नावाची एक जमात आहे, यंत्रं वापरते म्हणून बाकीच्या लोकांनी वाळीत टाकलेली. त्यांची भाषा वेगळी. इंग्रजी अक्षरांची अदलाबदल करून ती तयार केली आहे. वाटेत जागोजागी पुस्तिका सापडतात, एका पुस्तिकेतून एक अक्षर कळतं. अशा २६ पुस्तिका. सुरुवातीला ते लोक बोलले की काही म्हणता काही समजत नाही, आणि एकेक अक्षर हाती येत गेलं की ज्यांना आपण शत्रू समजत होतो ते काय म्हणत होते ते दिसायला लागतं. मी त्या वेळी दोन भाषा एकदमच शिकत होतो, इंग्रजी आणि अल भेद. वर्गात शहरातली पोरं भराभर इंग्रजी बोलायची तेव्हा मी गप्प असायचो. त्यामुळं टीडस अल भेदांच्या बोटीवर पकडला जातो आणि त्याला एक शब्द कळत नाही, तिथं त्याचं जे होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पिरा नावाची दुनिया आहे. तिथं ‘सिन’ नावाचं एक अवाढव्य संकट समुद्रातून येतं आणि गावंच्या गावं पुसून टाकतं. येवोन धर्माचे पुरोहित सांगतात की ही तुमच्याच पापांची शिक्षा आहे, प्रायश्चित्त पूर्ण होईल तेव्हा संपेल. तोवर एकच उपाय. ‘समनर’ म्हणवणारी माणसं मंदिरामागून मंदिर करत पायी झानारकंडच्या ओसाड नगरीपर्यंत जातात, तिथं शेवटची शक्ती मिळवतात आणि सिनला मारतात. मग काही वर्षं शांतता. पण ती शक्ती वापरणारा समनर मरतो आणि सिन पुन्हा जन्म घेतो. हजार वर्षं हेच चाललं आहे. युनाचे वडील ब्रास्का दहा वर्षांपूर्वी असेच गेले. आता सतरा वर्षांची युना निघाली आहे, सोबत तिचे राखणदार. त्यात टीडस हा परक्या जगातून येऊन पडलेला, त्याला यातलं काहीच माहीत नाही.

‘रडका’ या शब्दाबद्दल आधी बोलतो.

टीडसला रडका म्हणणारा पहिला माणूस आपले लेखक नव्हेत, त्याचा बाप जेक्ट आहे. लहानपणापासून बापानं पोराला हेच ऐकवलं. जेक्ट हा ब्लिट्झबॉलचा मोठा खेळाडू. पाण्याच्या गोलात बुडून खेळतात असा तो खेळ. गाव त्याच्या नावानं वेडं, आणि घरात तो दारू पिऊन पोराला टाकून बोलायचा. टीडस सात वर्षांचा असताना तो समुद्रात गेला तो परतलाच नाही, आणि मागे आई झुरून मेली. एवढं झाल्यावर पोरगा बापाबद्दल कुरकुर करणार नाही तर काय करील? लेखकाला ही कुरकुर दिसली. तिचं कारण गेमनं पहिल्या काही तासांतच दाखवलं आहे, ते दिसलं नाही.

आमचे बाबा कबड्डीचे रेडर होते. तालुक्यात त्यांना नावानं ओळखत. जत्रेतल्या सामन्याला लोक बंड्या जुंपून पाहायला यायचे. घरी आले की प्यायलेले असायचे. मी चौथीत असताना एका रात्री पिऊन त्यांनी बंडी नाल्यात घातली आणि एका बैलाचा पाय मोडला. सकाळी त्या बैलापुढं बसून राहिले, दुपारपर्यंत उठले नाहीत. त्यानंतर शेगावला जाऊन माळ घातली आणि दारू सोडली ती कायमची. पण मला जे बोलायचं ते आधीच बोलून झालं होतं. ‘पोट्टा पोरीवानी रडते,’ असं ते चारचौघांत म्हणायचे. मी कबड्डी कधी खेळलो नाही.

समुद्रात हरवलेला जेक्ट स्पिरात जाऊन ब्रास्काचा राखणदार झालेला असतो. गेममध्ये मूनफ्लो नदीजवळ त्याची त्या वेळची एक जुनी चित्रफीत सापडते. तो प्यायलेला असतो आणि नदी ओलांडून नेणाऱ्या एका गरीब मोठ्या जनावरावर राक्षस समजून तलवार चालवतो. ब्रास्काला त्याची भरपाई द्यावी लागते. त्या दिवशी जेक्ट दारू सोडतो. अमरावतीच्या त्या खोलीत १४ इंची टीव्हीवर मी ते पाहिलं तेव्हा सोबतचे दोघं झोपले होते. मी मशीन बंद केलं आणि खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. जपानमध्ये बसून गोष्ट लिहिणाऱ्याला दर्यापूर तालुक्यातला बैल कसा कळला, हे मला आजही उमगत नाही.

आणखी एक गोष्ट. गेम सुरू करताना नायकाचं नाव आपणच टाकायचं असतं. मी ‘बाल्या’ टाकलं, बाबा मला तेच म्हणत. नाव कुणीही काहीही ठेवू शकतो म्हणून पूर्ण गेममध्ये कोणतंच पात्र ते तोंडानं उच्चारत नाही. अक्षरांत येतं, आवाजात येत नाही. टीडसचा बाप त्याला शेवटपर्यंत नावानं हाक मारत नाही. ही तांत्रिक अडचण होती हे मला पुढं कळलं. तरी मला ती गोष्टीचाच भाग वाटते.

आता लुकाचा प्रसंग. लेखकानं त्यावर पुरा परिच्छेद खर्च केला आहे, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

लुकात ब्लिट्झबॉलचा सामना झालेला असतो. त्यानंतर ब्रास्का आणि जेक्टचा जुना सोबती ऑरॉन टीडसला सांगतो की तुझा बाप मेलेला नाही, तो सिन झाला आहे. ज्यानं किलिकासारखी बंदरं बुडवली, ज्याला मारायला ही सगळी वारी निघाली आहे, तो तुझा बाप. हे ऐकून टीडस कोलमडतो. युना त्याच्याजवळ येते. ती सांगते की मला हा प्रवास हसत करायचा आहे, दुःखात असतानाही हसायची सवय मी करते आहे, तूही हस. मग तो हसतो. मोठ्यानं, ओढूनताणून, घशातून काढलेलं हसू. तीही तसंच हसते. आजूबाजूचे लोक वळून पाहायला लागतात. आणि त्या खोट्या हसण्याच्या विचित्रपणाचंच दोघांना खरं हसू फुटतं.

लेखकानं त्यातले पहिले काही सेकंद उचलले आणि अभिनय वाईट आहे असा निकाल दिला. पण ते हसू वाईटच वाटलं पाहिजे. एका पोराला नुकतंच कळलं आहे की लोकांना मारणारं संकट त्याचा बाप आहे. एका पोरीला माहीत आहे की या वाटेच्या टोकाला आपण मरणार आहोत, आणि हे समोरच्या पोराला ठाऊक नाही. ही दोघं गोड, सहज हसली असती तर मी डिस्क काढून ठेवली असती.

इंग्रजी आवाजाबद्दल लेखकाचं एक म्हणणं मला मान्य आहे. मूळ जपानी ओठांच्या हालचालींत इंग्रजी वाक्यं बसवल्यामुळं युना कधी अडखळत तर कधी घाईनं बोलल्यासारखी वाटते. ते खरं आहे. पण लुकाच्या त्या हसण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

मी हे इतकं ठाम का म्हणतो? २०१३ च्या हिवाळ्यात बाबांना नागपूरला दवाखान्यात भरती केलं होतं. दारू सुटली, पण खर्रा सुटला नव्हता. आमच्याकडं खर्रा कुणाचा सुटतो? सकाळी उठल्यापासून पन्नीत घोटलेली सुपारी गालात. तोंड उघडणं हळूहळू कमी झालं, मग दोन बोटंही जाईनात, मग गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी माय त्यांच्या खाटेजवळ बसली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं की जबड्याचा भाग काढावा लागेल. माय त्यांना म्हणाली, ‘हासा ना जराक. पोरगा पायते तुमच्याकडं.’ बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसले. तोंड अर्धा इंच उघडत होतं. त्यातून हा, हा, हा असा आवाज काढला, एकेक सुटा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक वळून पाहायला लागले. माय हसायला लागली, मग मी हसलो. मी हसलो तशी त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती खरी होती, तोंडातलं हसू नव्हतं.

ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी बाबा गेले.

म्हणून कुणी मला म्हणालं की माणसं अशी हसत नाहीत, तर मी ते मानणार नाही. मी त्या वॉर्डात होतो.

युनाबद्दल लेखकाचा जो समज झाला आहे त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ती मृदू बोलते, वारंवार माफी मागते, वाकून नमस्कार करते, म्हणून ती दुबळी असं त्यांनी ठरवलं. ती काय करते ते पाहिलंच नाही. किलिका बंदर सिननं बुडवल्यावर ती अनवाणी पाण्यावर चालत जाते आणि मेलेल्यांच्या आत्म्यांना वाट करून देण्यासाठी नाचते. काठावर प्रेतं, रडणारी गर्दी. हा विधी झाला नाही तर मेलेले राक्षस होऊन परततात. सतरा वर्षांची पोर हे काम गावोगाव करत जाते. पुढं सीमोर या धर्माधिकाऱ्याशी ती लग्नाला तयार होते तेव्हाही वधू म्हणून नव्हे. त्यानं स्वतःच्या बापाला मारलेलं असतं, आणि स्वतः मेल्यावरही जगात रेंगाळणाऱ्या सीमोरला तिला वर पाठवायचं असतं. ते जमत नाही तेव्हा ती बेव्हेल या धर्मनगरीच्या उंच मनोऱ्यावरून उडी टाकते आणि पडता पडता मंदिरात मिळालेल्या आपल्या पक्ष्यासारख्या शक्तीला बोलावते. शेवटच्या लढाईत तर ज्या शक्तींनी तिला मंदिरामंदिरात साथ दिली त्यांनाच एकेक करून बोलावून मारावं लागतं, कारण सिनच्या मुळाशी असलेला यु येवोन त्यांच्यात शिरतो. एकेकीला बोलावते आणि संपवते. मी ते पहिल्यांदा खेळलो तेव्हा बटण दाबायला उशीर करत होतो.

(सीमोर चार वेळा लढायला येतो हे मलाही जास्तच वाटलं. तेवढं लेखकाचं बरोबर.)

पण खरी युना कळते ती झानारकंडला. मला वाटतं, लेखक तिथवर पोचलेच नाहीत.

तिथं युनालेस्का भेटते, हजार वर्षांपूर्वी पहिल्यांदा सिनला हरवणारी. ती सांगते की शेवटची शक्ती म्हणजे तुझ्याच एखाद्या राखणदाराचा बळी. तो आत्मा होईल, तू त्याला बोलावशील, सिन मरेल, तू मरशील, आणि तोच राखणदार पुढं नवा सिन होईल. जेक्टचं हेच झालं होतं. आणि सिन कधीच संपणार नाही, प्रायश्चित्त वगैरे लोकांना जगायला आशा हवी म्हणून सांगितलेलं आहे. आयुष्यभर ज्यावर श्रद्धा ठेवली, ज्यासाठी बाप मेला, ते सगळं एका संवादात कोसळतं. आणि युना नाही म्हणते. दुःख आलं तर दुःखासोबत जगेन, पण या खोट्या आशेसाठी कुणाला मरू देणार नाही, असा तिचा अर्थ. ज्या वाटेवर ती पहिल्या दिवसापासून मरायला निघाली होती ती वाट ती तिथं सोडते. मान खाली घालून ऐकणारी पोर हजार वर्षांची रीत मोडते, तेही कुणावर न ओरडता.

आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला गाडगेबाबांचा जन्म. लेकीच्या बारशाला बोकड आणि दारूची रीत होती, ती त्यांनी मोडली आणि पंगतीला गोडाचं जेवण घातलं. जातभाई नाराज झाले. पुढं आयुष्यभर ते खराटा घेऊन गावोगाव हेच सांगत फिरले, की देवाच्या नावानं मुका जीव मारू नका, कर्ज काढून सण करू नका. ही गोष्ट आम्ही शाळेत पाठ करून मोठे झालो. युनालेस्काच्या समोर युना उभी राहते तेव्हा मला तीच आठवली. बळी देऊन मिळालेलं सुख नको म्हणणं याला आमच्याकडं कुणी दुबळेपणा म्हणत नाही.

आणि त्या शांततेबद्दल. स्पिरातले लोक तिला ‘काम’ (इंग्रजी Calm) म्हणतात, म्हणजे सिन नसलेली काही वर्षं. लेखकाला ही कल्पना बालिश वाटली : दरवेळी तेच संकट, दरवेळी तोच उपाय, लोक एवढे मूर्ख कसे? त्यांनी एकदा आमच्या शिवारात यावं. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा मी शाळेत होतो. बोंडअळी गेली असं सगळे म्हणाले. फवारण्या कमी झाल्या, काही वर्षं बोंडं फुटून वावर पांढरंशुभ्र दिसायचं. ती आमची शांतता होती. मग अळीला त्या बियाण्याची सवय झाली. २०१७ साली गुलाबी बोंडअळी अशी आली की बोंड बाहेरून हिरवं, चांगलं, आणि फोडलं की आत कवडी. माझ्या काकांनी उभ्या कपाशीत रोटावेटर घातला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली. पुढच्या हंगामात आम्ही काय केलं? पुन्हा कपाशी लावली. आम्ही मूर्ख नाही. दुसरं काय लावायचं ते कुणी सांगितलं नाही, आणि जे सांगायला आले त्यांनी चूक तुमचीच आहे असं सांगितलं. तुम्ही शेताच्या कडेला बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावल्या नाहीत, तुम्ही फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवली. यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण येवोनचे पुरोहित ‘तुमच्याच पापांमुळं सिन येतो’ असं सांगतात आणि ज्या यंत्रांना ते पाप म्हणतात तीच यंत्रं त्यांच्या बेव्हेलच्या पहाऱ्याला असतात, हे पाहताना मला गोष्ट लांबची वाटली नाही.

युनाचा आणखी एक राखणदार वाक्का, त्याच्याकडं लेखकानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्यावर तर मी वेगळं पत्र लिहू शकतो. वाक्काचा धाकटा भाऊ चापू सिनशी लढताना मेला. वाक्कानं दिलेली तलवार न घेता त्यानं अल भेदांचं यंत्र घेतलं होतं, म्हणून वाक्का सगळ्या अल भेदांचा द्वेष करतो. आणि सोबत चालणारी, हसवणारी रिक्कू अल भेद आहे हे त्याला माहीत नाही. कळतं तेव्हा तो तिच्याशी बोलणं सोडतो. मग अल भेदांचं घर जळताना पाहतो, तिथं मेलेली माणसं पाहतो, आणि हळूहळू त्याची भाषा बदलते. भाषण नाही, एकदम पश्चात्ताप नाही. आधी चिडणं कमी होतं, मग गप्प बसतो, मग विचारतो. द्वेष माणसातून असाच उतरतो. आमच्या गावात दोन वस्त्यांमध्ये पाण्याच्या टाकीवरून जे आहे ते उतरायला पंधरा वर्षं लागली, आणि तिथंही कुणी स्टेजवर येऊन माफी मागितली नव्हती.

सरळ रस्त्याचा आक्षेप राहिला. हो, हा गेम बहुतेक वेळ एकाच वाटेनं नेतो. पण ही वारी आहे. शेगावची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला निघते तेव्हा वारकरी फाट्यावर थांबून, आज दुसरीकडं जाऊ, असं ठरवत नाही. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले. चालणाऱ्याच्या आत काय होतं ते मात्र ठरलेलं नसतं. शेवटाकडं हीच वाट एका अफाट मोकळ्या माळावर येऊन सुटते. तोवर इतकं चालून झालेलं असतं की मोकळीक मिळाल्यावर कुठं जावं ते सुचत नाही. मी तिथं कितीतरी वेळ नुसता फिरलो. पुढचा डोंगर चढलं की झानारकंड, आणि तिथं युना मरणार, हे तोवर मला कळलेलं होतं. म्हणून मी पुढं जात नव्हतो. टीडसही तेच करत असेल असं मला वाटलं. वाट सरळ नसती तर असं थांबावंसं वाटलं नसतं.

तो गेम पूर्ण करायला मला आठ महिने लागले. इंग्रजी हे एक कारण, दुसरं लोडशेडिंग. या गेममध्ये हवं तिथं सेव्ह करता येत नाही, ठरलेल्या ठिकाणीच करता येतं. युनालेस्काशी लढाई तीन टप्प्यांची, आणि आधीचा लांबलचक संवाद टाळता येत नाही. दोनदा तिसऱ्या टप्प्यावर लाइट गेली. तिसऱ्यांदा आम्ही लाइट येण्याजाण्याची वेळ बघून पहाटे बसलो. युनाचं ते बोलणं मला त्यामुळं तोंडपाठ झालं, वहीत ते पूर्ण लिहिलेलं आहे.

शेवटी टीडस बापासमोर उभा राहतो. लढाई होते, जेक्ट कोसळतो, पोरगा धावून त्याला धरतो आणि रडतो. बाप तेव्हाही चिडवतो, रडणारच तू म्हणून. आणि टीडस, मी तुमचा रागच करतो, असं म्हणत त्याला धरून ठेवतो. मी नागपूरहून बाबांना घरी आणलं तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. ते पाटीवर लिहायचे. एकदा मी खाटेच्या पायथ्याशी बसलो होतो, डोळे पुसले, त्यांनी पाहिलं. पाटीवर लिहिलं, ‘रडते काहून बाल्या.’ ती पाटी मायनं पुसू दिली नाही. देवळीत उभी करून ठेवली आहे, अक्षरं आता फिकट झाली.

लेखकांना वेळीच भानावर येण्याचा सल्ला द्यायचाच होता, तर तो त्यांनी खर्रा घोटणाऱ्यांना द्यायला हवा होता. मी त्यांच्याशी सहमत झालो असतो.

शेवटची एक विनंती. लेखात गेम २००३ चा असल्याचं छापलं आहे. तो जपानमध्ये २००१ च्या जुलैमध्ये आला. २००३ साली आला तो त्याचा दुसरा भाग. लेखासोबत युनाचा म्हणून जो फोटो आहे तोही त्या दुसऱ्या भागातला आहे : आखूड कपडे, दोन्ही हातांत पिस्तुलं. दुसऱ्या भागाची गोष्ट पहिल्यानंतर दोन वर्षांनी सुरू होते. ज्या गोष्टीवर लेख आहे त्यात युना सतरा वर्षांची आहे. तुमच्या फोटोतली युना एकोणीसची आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती